अंगठा लावणाऱ्या बायका

लिंबायत, सुरत
८ जानेवारी २०२४

माझा आवाज बावीस पोरांपुढे वाजवलास आणि मला ते तुझ्या धाकट्या बहिणीकडून, चंचलकडून कळतं? मी तुझ्याशी बोलत होते की रेडिओवर? साडीला खडे चिकटवता चिकटवता दोन गोष्टी बोलले, मध्येच दुधावर आलेल्या मांजरीला शिवी घातली, तर तीसुद्धा म्हणे वर्गात ऐकवलीस आणि पोरं खो खो हसली. तूच चंचलला फुशारकीनं सांगितलंस. तिला वाटलं मी खूश होईन. "मोठी माय, तू कॉलेजात गेलीस!" म्हणाली. मी म्हटलं, गेले असते तर पायांनी गेले असते, चोरून कशाला गेले असते?

म्हणून हर्षदा, आजपासून तुझा-माझा फोन बंद. जे बोलायचं ते कागदावर. माझा योगराज, तुझा बाप, कोसाडहून दर रविवारी येतो, त्याच्याकडे निरोपसुद्धा द्यायचा नाही. टपालपेटी आमच्या नाक्यावर अजून उभी आहे, तिच्यात पानाची पिचकारी सोडून दुसरं काही पडत नाही, आता माझी पत्रं पडतील. दुसरीपर्यंत शिकलेली बाई आहे मी. काना-मात्रा चुकला तर गिळून टाक.

आता मुद्द्याचं. मी फोनवर सांगितलेली ती डाळीची गोष्ट, तुरुंगात बायका पातळ डाळ तळापासून कशी ढवळून घेतात ती, माझी नाही. पार्वती म्हणून एक बाई होती, तिची आहे. तिचं नाव वर्गात घेतलंस का? खरं सांग.

आणि एक. चंचल म्हणते की तुरुंगाचा इतिहास हा तुझा अभ्यास आहे आणि त्यावर मोठे मोठे लोक वर्षानुवर्षं भांडतात. शेताच्या बांधावर भांडतात ते मला समजतं. तुरुंगावर भांडायला काय आहे? भिंत आहे, कुलूप आहे, आत माणूस आहे. मग भांडण कशाचं? सोपं करून लिही. फार इंग्रजी घातलंस तर पत्र तसंच परत पाठवीन.

शोभाबाई


बडोदा
१५ जानेवारी २०२४

ती. मोठी माय,

चुकले. न विचारता रेकॉर्ड केलं, न विचारता ऐकवलं. ते रेकॉर्डिंग पुसून टाकलंय. पार्वतीबाईंचं नाव त्यात होतं, पण वर्गातल्या कुणी ते लिहून घेतलं नाही, याची मी एकेकाला विचारून खात्री करून घेतलीय.

भांडण कशाचं ते सांगते. आधी आपल्याकडे गुन्ह्याला दंड घेत, फटके मारत, हात तोडत, गावाबाहेर काढत. किल्ल्यावर डांबतही असत, पण ते बहुतेक शत्रूला किंवा पैसे वसूल होईपर्यंत. 'चोरी केलीस, आता दोन वर्षं आत बस' ही तऱ्हा सर्रास झाली ती इंग्रजांच्या काळात. का झाली, इथून भांडण सुरू होतं.

जुने इतिहासकार म्हणायचे, माणसाला दया आली. हात तोडण्यापेक्षा कोंडून सुधारावं, असं शहाण्यांना वाटू लागलं. मग दुसरे आले. ते म्हणाले, दया कसली! माणसाला वेळेवर उठवायचं, रांगेत उभं करायचं, सतत नजरेखाली ठेवायचं, म्हणजे तो मुकाट होतो. शाळा, कारखाना, तुरुंग, सगळं एकाच साच्यातलं. मग तिसरे आले, आपल्या देशाचा अभ्यास करणारे. ते म्हणतात, इथे यातलं काहीच धड झालं नाही. १८३८ साली साहेबांच्या एका समितीनं सांगून टाकलं की कैद्याला शिकवणं वगैरे चोचले नकोत, काम मात्र कंटाळवाणं हवं. पहारा द्यायला माणसं पुरेनात, म्हणून कैद्यांनाच मुकादम केलं. सगळ्यांनी एकत्र जेवायचं म्हटलं तर जातीवरून दंगे झाले. बिहारकडे १८५५ साली कैद्यांचे पितळी लोटे काढून मातीचे दिले, तर लोकांनी तुरुंगावर चाल केली.

म्हणजे प्रश्न असा: तुरुंगानं माणूस सुधारला, की मुकाट केला, की नुसता आत ठेवला?

तुला काय वाटतं?

तुझी
हर्षदा


लिंबायत
२४ जानेवारी

हर्षदा,

पत्र तीनदा वाचलं. खडे चिकटवायचं काम पडून राहिलं, तो साडीवाला माझ्या नावानं ओरडून गेला.

तुझा दुसरा मला बरा वाटला. वेळेवर उठवणं, रांग, नजर. लूमच्या खात्यात, कापडाच्या मागांवर, तुझे आजोबा शालिग्राम तेवीस वर्षं उभे राहिले, तिथेही हेच. पण तो दुसरा खात्यात कधी गेला होता का ते विचार. मुकादमाची नजर दिवसातून किती वेळ खरी असते? तो चहाला गेला की कारागीर तिथेच टेकून झोपतो, आणि धागा तुटल्याचा आवाज आला की झोपेतच उठून गाठ मारतो. नजरेखालच्या माणसाला झोपायची कला येते, हे त्यानं लिहिलंय का?

कंटाळवाणं काम हवं म्हणणारा साहेब शहाणा निघाला. ते काम तर आमच्याकडे बाहेरच मिळतं, त्याला आत कशाला जायला हवं!

पितळी लोट्याचं मला लगेच पटलं. तू हसली असशील, लोट्यावरून दंगा काय करायचा म्हणून. पार्वती सांगायची, आत माणसाकडे स्वतःचं एक भांडं असतं, तेवढंच. ते काढून घेतलं की हात नुसते लोंबतात.

मुकादमाचं पण खरं आहे. पार्वतीच्या वेळी बायकांच्या भागात एक जुनी कैदी मुकादमीण होती. तिला बाहेरचं कुणी उरलं नव्हतं. सुटायची तारीख जवळ आली की ती मुद्दाम कुणाशी तरी मारामारी करायची. आता सांग, ती सुधारली, मुकाट झाली, की नुसती राहिली? तिघांपैकी कुणाच्या पिशवीत टाकशील तिला?

आणि हे मुख्य. ही जी मोठी माणसं भांडतात, त्यांच्यातलं आत राहून कोण आलंय? नसेल आलं तर त्यांना आतलं सांगतं कोण? उत्तर दे.

शोभाबाई


बडोदा
६ फेब्रुवारी

ती. मोठी माय,

तू जे विचारलंस, त्यावरच आता सगळ्यात मोठं भांडण आहे. आतलं सांगतात दोन जण. एक, तुरुंगाचे कागद. ते लिहिणारे अधिकारी. दुसरे, स्वातंत्र्याच्या चळवळीत आत गेलेले शिकलेले लोक. त्यांनी पुस्तकं लिहिली. म्हणून पुस्तकातला तुरुंग बहुतेक वेळा त्यांचाच. चोरी करून, दारू नेऊन, मारामारी करून गेलेल्यानं काही लिहून ठेवलं नाही. बायकांनी तर नाहीच.

म्हणून मी काय केलं ते ऐक. परवानगी काढून एका तुरुंगाच्या बायकांच्या भागातल्या जुन्या वह्या पाहिल्या. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या. कुठल्या तुरुंगाच्या, ते लिहायची मला मनाई आहे. आत येताना नाव, वय, गाव, अंगावरची खूण, 'लिहिता-वाचता येतं का' असा रकाना, आणि सही किंवा अंगठा. बाहेर जाताना पुन्हा सही किंवा अंगठा. त्याच वर्षांच्या वरिष्ठांकडे गेलेल्या अहवालांत मात्र लिहिलंय, 'स्त्री कैद्यांस साक्षर करण्याचे कार्य समाधानकारक चालू आहे.' मी मोजलं. एकशे चौऱ्याऐंशी बायका. येताना अंगठा, जाताना अंगठा. एकच सही सापडली. म्हणजे सुधारणा फाटकाबाहेरच राहिली, कुणी काही शिकलं नाही. माझ्या लघुप्रबंधाचं हेच मुख्य प्रकरण आहे. तीस एप्रिलला द्यायचंय. आमच्या मॅडमना ते फार आवडलं.

फक्त आतल्या बाईचा एक तरी शब्द हवा. पार्वतीबाई कुठे असतात? मी भेटायला जाते. मोबाइल घरी ठेवून जाईन, शपथ.

हर्षदा


लिंबायत
१२ फेब्रुवारी

हर्षदा,

पार्वती मेली. भेटीचं विसर.

पण तुझं प्रकरण चुकलंय आणि ते तुझ्या मॅडमला आवडलंय, म्हणून लिहावं लागतंय.

अंगठा लावला म्हणजे सही येत नव्हती, हे तुला कुणी सांगितलं?

पार्वतीनं मला सांगितलेलं सांगते. ती शाळेच्या शिपायाची पोर, सातवी पास. आत आली तेव्हा तोऱ्यात सही केली. मग तिथल्या जेलर बाईसाहेबाला कळलं की हिला लिहिता येतं. तपासणीचा साहेब यायचा त्याच्या आदल्या दिवशी एक कागद निघायचा: जेवण चांगलं, औषध मिळतं, आमची तक्रार नाही. खाली बायकांचे अंगठे, आणि 'यांना वाचून दाखवलं' म्हणून पार्वतीची सही. एकदा एक बाळंतीण तापानं गेली. औषध मिळालंच नव्हतं. कागदावर मिळालेलं होतं, आणि खाली सही पार्वतीची. अंगठेवाली उद्या म्हणू शकते, मला काय ठाऊक काय लिहिलंय, दाबला अंगठा. सहीवाली काय म्हणेल? तिनं तर वाचलेलं असतं.

त्यानंतर ती बायकांना शिकवायला लागली, आणि शिकवायच्या आधी कबूल करून घ्यायची: अक्षर डोक्यात ठेवायचं, बोटाला शाईच लावायची. सही येते हे तिथल्या कुणालाही कळता कामा नये. किती जणी शिकल्या ते पार्वतीलाच ठाऊक. तू मोजलेस ते अंगठे आहेत. अडाणी बायका मोजल्या नाहीस.

आता कर काय करायचं ते. माझं नाव कुठे घालू नकोस.

शोभाबाई


बडोदा
२१ मार्च

ती. मोठी माय,

इतके दिवस लिहिलं नाही म्हणून रागावू नकोस. तुझं पत्र मॅडमना दाखवलं नाही. पण अंगठ्याचं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे खरं असेल तर सुधारणा झाली म्हणणारेही तो अंगठा चुकीचा वाचतात आणि नाही झाली म्हणणारेही. पण मेलेल्या बाईनं दुसऱ्या बाईला सांगितलेलं मी पुरावा म्हणून कसं घेऊ?"

म्हणून मी परत त्या वह्यांकडे गेले. ती एकच सही, जी मी मोजून बाजूला टाकली होती, ती शोधली. पार्वती. वय चौतीस. साक्री तालुका. सासऱ्यावर विळ्यानं वार. सही वळणदार आहे, 'र्व'चा रफार तर झेंड्यासारखा उभा. तुरुंगात ती मेलेली नाही. १९८६ साली तिला दुसऱ्या तुरुंगात पाठवलं, एवढंच लिहिलंय.

त्याच पानावर खाली आणखी नोंदी होत्या. एक १९८४ सालची. दारूबंदी, सहा महिने. वय सव्वीस. लिहिता-वाचता येत नाही. अंगावरची खूण: उजव्या कोपराच्या आत भाजल्याचा डाग, चवलीएवढा.

मोठी माय, तुला काही सांगायचं नसेल तर सांगू नकोस. मी ते पान कुणाला दाखवलं नाही. प्रकरण पहिल्यासारखंच राहू देईन, चुकीचं. खरंच. तू म्हणशील तसं.

हर्षदा


लिंबायत
२८ मार्च

हर्षदा,

माझा कोपर सरकारी वहीत वाचून आलीस. डाग तर तव्याचा आहे, त्यांनी चवलीएवढा लिहिला होय? रुपयाएवढा आहे. तिथेही मापात मारलं.

ऐक आता. एकदाच लिहीन.

नवापूरचं स्टेशन तू पाहिलंयस. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. बाकडंसुद्धा दोन राज्यांत. बाटली बाकड्याच्या या टोकाला ठेवली तर सामान, त्या टोकाला सरकवली तर गुन्हा. तुझे आजोबा सुट्टीच्या दिवशी तिथून माल आणायचे, खात्यातल्या लोकांसाठी. त्या दिवशी मी सोबत होते, माहेराहून येत होते. गाडीत पोलीस चढले. पिशवी कुणाची म्हणाले. मी म्हटलं, माझी. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं. यात देवपण काही नाही, उगाच रडत बसू नकोस. त्यांचं नाव खात्याच्या हजेरीवर होतं, ते आत गेले असते तर मशीन दुसऱ्याला मिळालं असतं. माझं नाव कुठल्याच हजेरीवर नव्हतं. म्हणून मी गेले.

तुझा बाप तेव्हा पाच वर्षांचा. माझी नणंद वत्सला त्याला सांभाळायला आली. तिनंच ठरवलं, पोराला आणि चाळीला काय सांगायचं ते. टीबी झालाय, दवाखान्यात ठेवलंय, भेटायला जाता येत नाही. सहा महिन्यांनी मी वाळून परत आले, तर सगळ्यांना खरंच वाटलं. खोटं इतकं चांगलं बसलं की काढता येईना. वत्सलानं माझं ताट, पेला वेगळा केला, पोराच्या देखत. तो तेच शिकला. अजूनही कोसाडला गेले की माझा पेला वेगळ्या फळीवर असतो. तू दोन वर्षांची होईपर्यंत त्यानं तुला माझ्या मांडीवर दिलं नाही. मी काही बोलले नाही. बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं.

दुसरी शिकलेली हेही खोटं. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. जी अक्षरं तू वाचतेयस ती पार्वतीची. धुण्याच्या दगडावर ओल्या बोटानं काढायची. उन्हानं वाळायच्या आत वाचायचं, नाही तर गेलं. म्हणून मी भरभर वाचते, पण सुंदर लिहिता येत नाही.

आणि तुझ्या पहिल्या टोळीला, त्या सुधारणावाल्यांना, हे मिळू देऊ नकोस. ते म्हणतील, बघा, बाई आत गेली अडाणी, बाहेर आली शिकून, तुरुंगानं भलं केलं. त्यांना विचार: तुरुंग गुजरातेत, बाईसाहेब गुजराती, सरकारी पाटी-पुस्तक आलं असेल तर तेही गुजराती. मग शोभाबाईला मराठी कशी येते? पंचेचाळीस वर्षं सुरतेत आहे, बसवरची पाटी अजून मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. तुरुंगानं शिकवलं असतं तर बसची पाटी आली असती.

पार्वती मेली असं मी लिहिलं. मला ठाऊक नव्हतं. बाहेर पडल्यावर एकदाही चौकशी केली नाही. आपल्याला कुणी ओळखू नये म्हटलं की ओळखणारी माणसं मेलेलीच बरी वाटतात. ते झालं ते झालं.

तिनं शिकवलं हे छापायचं. तिचं नाव, तालुका, सगळं.

शोभाबाई


बडोदा
४ एप्रिल

मोठी माय,

मला वाटायचं, तुला स्वतःचाच पेला आवडतो. मीसुद्धा तो वेगळ्या फळीवर ठेवलाय, कितीतरी वेळा.

मॅडमना नाव न घेता सगळं सांगितलं. गुजराती-मराठीचं ऐकल्यावर त्यांनी टेबलावर हात मारला. म्हणाल्या, चाळीस पुस्तकांत न मिळणारा पुरावा आहे हा. तुझं नाव बदलून 'एक स्त्री' असंही लिहिता येईल, त्याला हरकत नाही. पण मग वहीतली नोंद, तो डाग, ही पत्रं, काहीच एकमेकांना जोडून दाखवता येणार नाही. आणि पार्वतीबाईंनी शिकवलं हे मग नुसतं कुणीतरी म्हटलेलं उरेल. वाचणारा विचारेल, कुणाला शिकवलं?

म्हणजे पार्वतीबाईंचं नाव पक्कं करायचं तर तुझं घालावं लागतं. तुझं घातलं तर पप्पांना कळणार. परीक्षक वाचतील, ग्रंथालयात राहील, चंचल तर नक्कीच फोटो काढून सगळीकडे पाठवेल.

मी सांगू का पप्पांना? की राहू दे? सव्वीस दिवस उरलेत. मी काही धरून बसलेली नाही, खरंच तू म्हणशील ते.

हर्षदा


लिंबायत
२१ एप्रिल

हर्षदा,

तू सांगायचं नाही, असं मी मनात ठरवलं आणि तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू फोन केला असतास. शिकवणारीचं नाव उजेडात आणायचं आणि शिकणारीनं पदराआड बसायचं, हे मला जमेना. म्हणून सात तारखेला, रविवारी, योगराज आला तेव्हा मीच सांगितलं.

तो तूरडाळ आणि तेल घेऊन आला होता. पंख्याखाली बसला. मी सरळ सुरू केलं, नवापूरपासून. सांगून झाल्यावर म्हणाला,

"म्हणजे टीबी नव्हता?"

"नव्हता."

"आणि तो खोकला?"

"चुलीच्या धुराचा. वत्सलालाही होता, तिचा पेला कुणी वेगळा केला नाही."

मग मी म्हटलं, आता हर्षदा हे छापणार, लोक म्हणतील योगराजची आई जेलात होती. मी ह्याच्यासाठीच तयारी करून बसले होते. तो ओरडेल, मग मी ओरडेन, मग चहा करीन.

तो म्हणाला, "जेलचं काय घेऊन बसलीस, आई? दारूबंदीच्या राज्यात पिशवी धरलीस. आमच्या बमरोलीच्या मिलमध्ये निम्म्यांचे बाप जाऊन आलेत, चहा पिताना सांगतात. त्याची लाज कुणाला?"

आणि मग त्याचा चेहरा असा झाला, की मला तो पाच वर्षांचाच दिसला. म्हणाला, "मी माझ्या हातानं तुझा पेला वेगळा धुतला. लग्न झाल्यावर बायकोला मी शिकवलं, आईची भांडी यात मिसळू नको. पोर तुझ्या मांडीवर जायला रडत होती ती मी ओढून घेतली. आणि तू बघत बसलीस? माझ्याकडून हे करून घेतलंस?"

मी म्हटलं, तुझ्या बापाचं नाव आलं असतं.

"बाप जाऊन अकरा वर्षं झाली. ही अकरा वर्षं कुणासाठी?"

पोरी, चाळीस वर्षं मी हिशेब धरून होते की मी सहन केलं. तो काय करत होता, त्याला त्याचं काय वाटेल, हे मी एकदाही उलटून पाहिलं नाही. चुकीच्या गोष्टीला भीत राहिले.

तो न जेवता गेला. चौदाच्या रविवारी आला नाही. आज एकवीस, आजही नाही. सूनबाईचा निरोप आला की काम आहे. त्याला रविवारी काम नसतं.

मी माफी मागितली का, हे तू विचारशील, म्हणून आधीच लिहिते: नाही. काय म्हणून मागायची ते अजून शोधतेय. खोटं बोलले म्हणून मागितली तर तो म्हणेल खोट्याचं जाऊ दे. त्याला त्रास दिला म्हणून मागितली तर तो त्रास मी दिला हे त्याच्याच तोंडून कळलंय, मला कुठे कळलं होतं. तुमचे इतिहासवाले कागद शोधतात. माझ्यापुढे जिता माणूस आहे आणि तरी मला वाचता येत नाही. तो आता काय म्हणेल हे जाणून घ्यायची मला जितकी ओढ लागली आहे, तितकी तुझ्या सगळ्या भांडणांची मिळून लागली नव्हती.

माझं नाव छापायला माझी हरकत नाही. पण त्या नावाच्या मागे तो आहे आणि त्याचा पाचव्या वर्षापासून माझा पेला वेगळा धुणारा हात आहे. ते देणं माझ्या एकटीच्या हातचं नाही.

म्हणून हे पत्र मी नाक्यावरच्या पेटीत टाकत नाही. उद्या सकाळी रिक्षानं कोसाडला जातेय. पाकिटावर तुझा पत्ता घातलाय, पण चिकटवलेलं नाही. त्याच्या हातात देईन आणि बसणार नाही, परत निघेन.

योगराज, तू हे वाचतोयस. खालचं अर्धं पान कोरं ठेवलंय. छापायचं की नाही ते तिथे लिही, आणि मला शिव्या द्यायच्या असतील तर त्याही तिथेच दे, जागा पुरेल. 'आई म्हणेल तसं' असलं काही लिहिलंस तर पान फाडून दुसरं आणीन. सूनबाईनं लिहायचं नाही. हर्षदानं तर मुळीच नाही, तिनं तीस तारखेपर्यंत गप्प बसून वाट बघायची. लिहून झालं की तूच पाकीट चिकटव आणि टपालात टाक.

या पत्राचं उत्तर तू द्यायचं.

आई